सांगते, पण ऐकवू कसं?

केंद्रीय वाणिज्य व उद्योगमंत्री श्री. पीयूष गोयल यांना खुलं पत्र

माननीय श्री. गोयल,



मी रेडिओवर गाणी लावते आणि त्यांच्याबद्दल बोलते. आमचं तालुक्याच्या गावातलं सामुदायिक रेडिओ केंद्र आहे, शंभर वॉटचं. टॉवरपासून दहा-पंधरा किलोमीटर गेलात आणि मध्ये एखादा डोंगर आला, की आमचा आवाज संपला. आठवड्यातून एकदा, रात्री नऊ ते दहा, मी जुनी मराठी गाणी ऐकवते. नाट्यपदं, भावगीतं, चित्रपटगीतं, मध्येच एखादी लावणी. हा तास पॉडकास्ट म्हणूनही लोकांना ऐकता यावा, एवढीच माझी इच्छा आहे. ती पुरी करणं माझ्या हातात नाही. बरंचसं आपल्या हातात आहे. रेडिओचं काही अडलं की लोक माहिती व प्रसारण खात्याकडे बोट दाखवतात. पण कॉपीराइटचा कायदा सांभाळतो तो आपल्या मंत्रालयातला उद्योग संवर्धन आणि अंतर्गत व्यापार विभाग. म्हणून पत्र आपल्याला. आपण उत्तर मुंबईचे खासदार आहात, तेव्हा मराठीत लिहिलं तरी चालेल, असं धरून चालते.

अडचण काय आहे ते एका गाण्यावरून सांगते. १९५९ सालचा ‘सांगत्ये ऐका’. अनंत माने यांचं दिग्दर्शन, गीतं गदिमांची, संगीत वसंत पवारांचं. त्यातली आशाबाईंनी गायलेली बुगडीची लावणी महाराष्ट्रात कोणाला माहीत नाही? तिच्यात साताऱ्याचं नाव येतं, त्यामुळे आमच्या भागात तर तिची फर्माईश हक्काने होते. मी ती लावण्याआधी चार-पाच मिनिटं बोलते. वसंत पवार मुळात सतारवादक होते, तारांवर बोट ठेवून विचार करणारा माणूस, आणि अवघ्या अडतिसाव्या वर्षाच्या आसपास, १९६५ साली, गेला. ज्यांच्या ओठांवर ही लावणी आहे त्यांतल्या दहांपैकी नऊ जणांना त्याचं नाव ठाऊक नसतं. हे सांगून झालं की म्हणते, आता ढोलकीकडे लक्ष ठेवा. फेडर वर घेते. गाणं सुरू होतं. संपतासंपता त्याच्यावरच बोलायला लागते.

दुसऱ्या दिवशी त्याच तासाचं पॉडकास्ट करायचं असतं. संगणकावर फाइल उघडते. पडद्यावरच्या पट्टीत माझं बोलणं काटेरी, तुटक दिसतं. गाणी भरीव, सलग. भरीव भाग एकेक करून निवडायचा आणि पुसायचा. तासाची वीसेक मिनिटं उरतात. मग ऐकणाऱ्याच्या कानावर पडतं ते असं: ‘आता ढोलकीकडे लक्ष ठेवा.’ तीन सेकंदांची आमची सिग्नेचर ट्यून. ‘ऐकलंत? सम कशी अलगद गाठली!’ आमच्याच गावची एक मुलगी मस्कतला नर्स आहे. तिने व्हॉट्सॲपवर व्हॉइस मेसेज टाकला, ‘मावशी, तुम्ही पानावर बसवता, पदार्थांची नावं वाचून दाखवता आणि उठा म्हणता.’ तिचं काय चुकलं? माझ्या बोलण्यातली निम्मी वाक्यं गाण्याकडे बोट दाखवण्यासाठीच असतात. गाणं काढलं की बोट हवेत राहतं.

आता कायदा. रेडिओसाठी गाण्यांची सोय आहे. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली कलम ३१-ड आलं. प्रसारण करणाऱ्याने आगाऊ सूचना द्यावी, ठरलेल्या दराने रॉयल्टी भरावी आणि प्रसिद्ध झालेली गाणी प्रसारित करावीत, अशी ती व्यवस्था. पण ती इंटरनेटला लागू आहे का? आपल्या खात्याने २०१६ साली एका कार्यालयीन ज्ञापनात ‘आहे’ असं म्हटलं. मग ‘टिप्स’ विरुद्ध ‘विंक’ या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये ‘नाही’ असा निकाल दिला, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये खंडपीठाने तो कायम केला. मी वकील नाही, तरी निकाल वाचल्यावर मला तो पटला. तिथे प्रश्न होता मोठ्या कंपनीचा, जिच्या ॲपवरून लोक हवं ते गाणं हवं तेव्हा ऐकत होते आणि फोनमध्ये उतरवूनही घेत होते. अशा धंद्याला रेडिओच्या दराने गाणी का मिळावीत? पण सुक्याबरोबर ओलंही जळतं. त्या निकालाच्या दारात आम्हीही अडकलो, आणि आमच्यासाठी दुसरं दार कोणी ठेवलेलं नाही.

गंमत पाहा. त्याच कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे एखाद्या कार्यक्रमाला दस्तऐवज म्हणून अपवादात्मक महत्त्व असेल, तर प्रसारण केंद्राला त्याचं ध्वनिमुद्रण संग्रहासाठी राखून ठेवता येतं. म्हणजे ठेवा, कुलूप लावा, पण कोणाला ऐकवू नका! त्याच कलमात समीक्षेसाठी रास्त वापराची मुभा आहे. तिच्या आधारावर चार ओळी वाजवता येतील, असं एक वकील म्हणाले. किती, ते त्यांनाही सांगता येईना. ‘तीस सेकंदांपर्यंत चालतं’ ही जी ठाम माहिती सगळीकडे फिरते, तिला कायद्यात काहीही आधार नाही. सेकंदांचा आकडाच कुठे नाही. शिवाय प्रत्यक्षात निर्णय न्यायालय करत नाही, प्लॅटफॉर्मचं यंत्र करतं. त्याला सूर ओळखता येतो. मी त्या सुरावर बोलते आहे की तो चोरते आहे, हे त्याला कळत नाही.

आता माझा खरा मुद्दा. ३१-ड या कलमात एक अट आहे, जिच्याकडे फारसं कोणाचं लक्ष जात नाही. प्रसारणासोबत त्या कलाकृतीचे कर्ते आणि मुख्य कलाकार यांची नावं जाहीर करावीत, अशी ती अट. म्हणजे गीतकार, संगीतकार, गायक. आकाशवाणीच्या निवेदकांनी आमच्या कानांना हीच सवय लावली होती: गीत अमुक, संगीत तमुक, स्वर अमके. व्यापारी एफएमवर हे नावाला उरलंय. ॲपवर गायकाचं नाव ठळक, चित्रपटाचं पोस्टर मोठं. गीतकार शोधायला दोन-तीन ठिकाणी बोट दाबावं लागतं आणि पुष्कळदा तिथेही ते नसतं. मग वसंत पवार कोण, हे नव्या मुलांना कळणार कुठून? कायद्याला जे काम हवं आहे ते करणारी एकच जमात उरली आहे, निवेदकांची. आणि नेमक्या त्यांचाच कार्यक्रम नव्या माध्यमात नेता येत नाही. नावं गाळून गाणं देणाऱ्यांना रस्ता आहे. नावं सांगून गाणं देणाऱ्यांना नाही.

नावावरून रेडिओ आणि गाण्यांचं भांडण ही काही आजची गोष्ट नाही. आपल्याआधी दिल्लीत एका मराठी मंत्र्याच्या कारकिर्दीत ते फार गाजलं. डॉ. बाळकृष्ण केसकर १९५२ पासून दहा वर्षं माहिती व प्रसारणमंत्री होते. शास्त्रीय संगीतासाठी त्यांनी जे केलं ते मोठंच आहे, पण चित्रपटसंगीताचं त्यांना वावडं. आकाशवाणीवर त्याचा वेळ आक्रसला. चित्रपटाचं नाव घेणं म्हणजे त्याची जाहिरात, तेव्हा ते घ्यायचं नाही, अशीही भूमिका घेतली गेली. निर्माते बिथरले, त्यांनी परवानग्या काढून घेतल्या. श्रोते काय करणार? त्यांनी काटा फिरवला आणि रेडिओ सिलोन लावला. ३ डिसेंबर १९५२ ला तिथे ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली आणि अमीन सायानींचा आवाज घराघरांत पोचला. सरकारला उमजायला जवळजवळ पाच वर्षं लागली. ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती आली.

सायानींच्या बाबतीत एक गोष्ट मुद्दाम सांगण्यासारखी आहे. पुढे ‘सारेगामा’ने ‘गीतमाला की छाँव में’ नावाने त्यांचं निवेदन आणि गाणी एकत्र बाजारात आणली. म्हणजे निवेदनासकट गाणं विकत घ्यायला लोक तयार आहेत, हे कंपन्यांनाही माहीत आहे. फक्त तिथे गाण्यांची मालक आणि प्रकाशक एकच कंपनी होती, त्यामुळे परवानगी मागायला कोणाच्या दारी जावं लागलं नाही.

आजचं सिलोन म्हणजे कोणीही, कुठूनही चढवलेल्या फाइली. ‘जुनी सदाबहार मराठी गाणी’ असं लिहिलेला तीन तासांचा व्हिडिओ, वर गुलाबाचं चित्र, खाली एकाही गीतकाराचं नाव नाही. मालकाने हरकत घेतली की तो उडतो, चार दिवसांनी दुसऱ्या नावाने परत येतो. माझे श्रोते तिथे जातात. मी त्यांना नावं ठेवू शकत नाही.

यावर कोणी म्हणेल, मग सरसकट ३१-डच इंटरनेटला लावा की. वाणिज्यविषयक संसदीय स्थायी समितीने जुलै २०२१ मधल्या आपल्या १६१ व्या अहवालात साधारण तशीच शिफारस केली आहे. मला ती नको आहे, हे स्पष्ट लिहिते. गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीतला न सोडता येणारा वाटा मिळाला तोही २०१२ च्याच दुरुस्तीत, आणि त्यासाठी जावेद अख्तर यांनी राज्यसभेत किती झगडा केला, ते आपल्याला ठाऊक असेल. मराठीत गाणी लिहून कोणी श्रीमंत झाल्याचं माझ्या ऐकिवात नाही. अब्जावधींची उलाढाल करणाऱ्या ॲपना सरकारी दराने गाणी देऊन त्यांच्या ताटातलं आणखी कमी करू नये. मी फुकट मागत नाही, आणि सगळ्यांसाठीही मागत नाही.

मागणी अगदी चिंचोळी आहे. सामुदायिक केंद्रं, विद्यापीठांची केंद्रं, आकाशवाणीची स्थानिक केंद्रं यांनी आधी हवेवर प्रसारित केलेला संगीताचा कार्यक्रम नंतर इंटरनेटवर ऐकवण्यासाठी एक छोटा परवाना असावा. त्यात निवेदन ठरावीक प्रमाणाच्या खाली जाऊ नये, एक-तृतीयांश म्हणा. कार्यक्रम नुसता ऐकता यावा, फाइल उतरवून घेता येऊ नये. पॉडकास्टच्या नेहमीच्या पद्धतीत फाइल थेट श्रोत्याच्या फोनमध्ये जाऊन बसते; ध्वनिमुद्रण कंपन्यांची भीती तीच आहे आणि ती खोटी नाही. म्हणून तेवढा भाग आम्ही सोडायला तयार आहोत. मुदत हवी तर घाला. बीबीसी आपल्या ॲपवर संगीताचे रेडिओ कार्यक्रम प्रसारणानंतर महिनाभर ठेवते. आम्हालाही महिना पुरेल. (‘डेझर्ट आयलंड डिस्क्स’ हा त्यांचा १९४२ पासूनचा कार्यक्रम पॉडकास्ट झाला तेव्हा त्यातलीही गाणी कात्री लावून आखूड करावी लागली. तेव्हा दुखणं माझ्या एकटीचं नाही, एवढं समाधान.) वर्षाची एकरकमी फी असावी, केंद्राच्या उत्पन्नाच्या मानाने. आणि अट एकच, पण कडक: प्रत्येक गाण्याला तिन्ही नावं निवेदनातही हवीत आणि लेखी क्यू शीटमध्ये, म्हणजे वाजवलेल्या गाण्यांच्या तक्त्यातही. ज्याने नावं चुकवली त्याचा परवाना गेला.

यासाठी संसदेत जायची गरज मला दिसत नाही. कायद्याच्या कलम ३३-अ प्रमाणे कॉपीराइट सोसायट्यांना आपले दर जाहीर करावे लागतात. त्यात असा एक वर्ग त्या घालू शकतात. मात्र शब्द आणि चाल यांच्यासाठी ‘आयपीआरएस’ ही सोसायटी असली तरी तबकडीवरचा, म्हणजे ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा, आणि तो कंपनीगणिक विखुरलेला. एका तासात बारा गाणी लावली तर चार-पाच कंपन्या होतात. त्यांना पत्रं लिहिणाऱ्या केंद्रात माझ्याखेरीज एक तंत्रज्ञ आणि एक अर्धवेळ हिशेबनीस आहे. कंपन्यांना एका टेबलाशी बसवणं मंत्र्यालाच जमतं. ते एवढं आपण करावं.

दुसरी गोष्ट जुन्या, हक्कमुक्त गाण्यांची. इथे कायदा आमच्या बाजूचा आहे आणि तरीही आम्ही हरतो. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षारंभापासून साठ वर्षं. शब्दांचा आणि चालीचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं. म्हणजे बुगडीच्या लावणीचं ध्वनिमुद्रण २०१९ च्या अखेरीस मोकळं, वसंत पवारांची चाल २०२५ च्या अखेरीस, आणि गदिमा १९७७ साली गेले म्हणून शब्द २०३७ च्या अखेरीस. एकाच गाण्याला तीन कुलपं आणि तीन तारखा. हे समजून घेऊन मी ठरवलं, निदान जे सगळ्या बाजूंनी मोकळं आहे ते तरी पॉडकास्टवर वाजवावं. ‘मानापमान’ घेतलं. १९११ चं नाटक. काकासाहेब खाडिलकर १९४८ मध्ये गेले, चाली देणारे गोविंदराव टेंबे १९५५ मध्ये. बालगंधर्वांची ७८ आरपीएमची जुनी तबकडी एका दर्दी संग्राहकाने वाजवून दिली. सुईची खरखर मुद्दाम ठेवली. कर्ण्यासमोर उभं राहून तीन-सव्वातीन मिनिटांत पद बसवायचं, म्हणून गाताना काय काय आखडावं लागत होतं, हे त्या भागात मी समजावून सांगितलं होतं.

भाग चढवला आणि लगेच एका कंपनीच्या नावाने हक्काचा दावा आला. बहुधा तिने तेच ध्वनिमुद्रण साफसूफ करून आपल्या यादीत टाकलं असावं. यंत्राने जुळवून पाहिलं आणि पद मुकं केलं. मी वर्षांचा सगळा हिशेब मांडून हरकत घेतली. ती हरकत तपासायला कोणाकडे गेली? दावा करणाऱ्या कंपनीकडेच. तिने ती फेटाळली, कारण दिलं नाही. पुढे कोर्ट. दहा-पंधरा किलोमीटर टापूच्या केंद्राने बालगंधर्वांसाठी कोर्टात जायचं!

यावर उपाय अवघड नाही. मुदत संपलेल्या ध्वनिमुद्रणांची एक जाहीर यादी आपल्या कॉपीराइट कार्यालयाने ठेवावी: लेबल, तबकडीचा क्रमांक, कलाकार, प्रकाशनाचं वर्ष. प्रकाशनाचं वर्ष हाच कळीचा तपशील, आणि तोच कंपन्यांच्या दप्तरात बंद असतो. संग्राहक मंडळी ही माहिती वर्षानुवर्षं वह्यांमध्ये उतरवत आली आहेत. त्यांना नुसतं बोलावलं तरी ती आनंदाने देतील. यादीतल्या ध्वनिमुद्रणावर दावा आला तर प्लॅटफॉर्मने तो आपोआप नाकारावा, आणि कंपनीला खरोखर हक्क वाटत असेल तर कोर्टात तिने जावं. जाण्याचा खर्च ज्याला झेपतो त्याच्यावर पडावा.

तोवर आम्ही हात बांधून बसलेलो नाही, हेही सांगते. गावोगावच्या भजनी मंडळांकडून तुकोबांचे, जनाबाईंचे अभंग पारंपरिक चालींत रेकॉर्ड करून घेतो, गाणाऱ्यांची लेखी परवानगी घेतो, मानधन देतो. ते भाग पॉडकास्टवर अख्खेच्या अख्खे जातात आणि उत्तम चालतात. जात्यावरच्या ओव्यांचंही तसंच. गी पॉइत्व्हँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगाव फिरून ओव्यांचा जो प्रचंड संग्रह केला, तो आज ‘पारी’ हे संकेतस्थळ इंटरनेटवर जगाला ऐकवतं आहे, आणि ओवीखाली गाणाऱ्या बाईचं आणि तिच्या गावाचं नाव असतं. जातं ओढणाऱ्या बाईला तिचं नाव मिळतं, आणि मराठी चित्रपटाच्या संगीतकाराला मिळू नये?

सोसायट्या म्हणतील, एवढ्याशा रकमांचा हिशेब ठेवणं परवडत नाही. क्यू शीट आम्ही आमच्याच खर्चाने, त्यांना हव्या त्या नमुन्यात भरून देऊ; ती एक्सेलची साधी फाइल असते. कंपन्या म्हणतील, आज सामुदायिक केंद्रं, उद्या त्यांच्या आडून दुसरेच कोणी. परवाना सामुदायिक केंद्राच्या सरकारी परवान्याशी जोडून टाका, प्रश्न मिटला. आपले अधिकारी म्हणतील, मागणी कुठून आली आहे, किती जणांची आहे? त्यासाठी सामुदायिक केंद्रांना एक पत्र पाठवून विचारावं; यादी माहिती व प्रसारण मंत्रालयाकडे तयार आहे. परवान्याचा कच्चा मसुदा आणि ‘सांगत्ये ऐका’वरच्या भागाची क्यू शीट, तिन्ही रकाने भरून, मी आपल्या विभागाला वेगळ्या पाकिटात पाठवली आहे. मसुद्याची भाषा वकिली नाही, ती सुधारून घ्यावी.

कळावे,

आपली,
एक निवेदिका

ता. क. क्यू शीटमध्ये ढोलकीवाल्याच्या नावासाठी रकाना नसतो. आपण नमुना ठरवायला बसाल तेव्हा तेवढा एक वाढवता आला तर पाहावं.